सीट बेल्ट लावलात, पण बसलात कसे?

अपघाताच्या बातम्यांमध्ये अधूनमधून एक वाक्य येतं, ‘चालकाने सीट बेल्ट लावलेला होता.’ आणि त्याच्याच खाली दुखापतींची यादी असते: यकृताला इजा, मानेच्या मणक्याला मार, बरगड्या मोडलेल्या. वाचणाऱ्याला साहजिकच वाटतं, मग पट्ट्याचा उपयोग काय झाला? काही धडका इतक्या भीषण असतात की तिथे कशाचाच इलाज चालत नाही, हे खरंच. पण कित्येकदा पट्टा लावलेला असतो तो पोटावरून, सैल सोडून. सीटची पाठ आरामखुर्चीसारखी मागे पडलेली असते आणि हेडरेस्ट खांद्याला लागेल इतका खाली दाबलेला असतो.

पट्टा, सीट, हेडरेस्ट आणि एअरबॅग या चार सुट्या सोयी नाहीत. ती एकच यंत्रणा आहे, आणि बसणारा माणूस ठरावीक पद्धतीने बसला आहे असं धरून ती बनवलेली असते. बसणं चुकलं की पट्टा चांगला असूनही चुकीच्या जागी पकडतो.

गाडी थांबते, माणूस थांबत नाही

ताशी 50 किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला जवळपास 14 मीटर. गाडी भिंतीवर आदळली तर गाडी थांबते, पण आतल्या माणसाला कोणी धरलेलं नसेल तर तो त्याच वेगाने पुढे जात राहतो. हा वेग किती, तर सुमारे 10 मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडताना जमिनीशी जेवढा असतो तेवढा.

आता खरा मुद्दा वेगाचा नाही, तो किती अंतरात संपतो याचा आहे. जोरात आलेला चेंडू झेलताना आपण हात मागे नेतो, कारण ताठ हाताने झेलला तर तळवा शेकून निघतो. गाडीचं नाक चुरगळतं तेव्हा गाडी नेमकं हेच करत असते, हात मागे नेत असते. समजा पुढचा भाग 60 सेंटीमीटर चेपला आणि तुम्ही पट्ट्याने सीटला घट्ट बांधलेले आहात, तर हे 60 सेंटीमीटर तुम्हालाही मिळतात. शरीरावर सरासरी स्वतःच्या वजनाच्या सोळा पट जोर येतो. हा जोर पुष्कळ आहे, पण मजबूत हाडांवर विभागला गेला तर सोसण्यासारखा असतो. पट्टा नसेल तर तुम्ही पोचेपर्यंत गाडी थांबलेली असते. मग स्टिअरिंग किंवा काच तुम्हाला पाच-सहा सेंटीमीटरमध्ये थांबवते आणि जोर दहापटीहून जास्त होतो.

पट्टा सैल असला की यातलाच काही वाटा वाया जातो. 10 सेंटीमीटर ढिलाई म्हणजे 10 सेंटीमीटर मोकळं उडणं, आणि मग हिसका.

आधी सीट, आरसे सगळ्यात शेवटी

क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक पुढची गोष्ट आधीच्या गोष्टीवर अवलंबून असते. बरेचजण बसल्या बसल्या आरसे फिरवतात आणि मग सीट हलवतात, त्यामुळे आरसे पुन्हा चुकतात. हे सगळं गाडी उभी असताना, हँडब्रेक ओढून करायचं. चालत्या गाडीत सीटची खिट्टी सोडली तर ब्रेक मारताच सीट पुढे, किंवा वेग वाढताच मागे घसरते आणि पाय पेडलपासून सुटतो.

मागच्या खिशातलं पाकीट आणि फोन काढा. कंबर सीटच्या कोपऱ्यात पूर्ण मागे जाईल असं बसा. कमरेमागे पोकळी राहिली तर पुढची सगळी मापं फसतात.

उंचीची सोय असेल तर आधी ती लावा. बॉनेटच्या पुढचा रस्ता स्टिअरिंगच्या वरून स्वच्छ दिसला पाहिजे आणि टाळू व छत यांच्यात निदान चार बोटं, शक्यतो एक मूठ जागा राहिली पाहिजे. मग सीट पुढे-मागे. क्लच तळापर्यंत दाबा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर ब्रेक जोरात दाबून पाहा. पेडल पूर्ण दाबलेलं असतानाही गुडघा किंचित वाकलेला हवा. पाय सरळ ताठ होत असेल तर दोन तोटे आहेत. आणीबाणीत ब्रेकवर पूर्ण जोर लावता येत नाही, आणि समोरून धडक बसली तर ताठ पायातून तो धक्का थेट खुब्यापर्यंत जातो. गुडघ्यामागची खोबण आणि सीटची कड यांत दोन-तीन बोटं अंतर राहू द्या, म्हणजे लांबच्या प्रवासात पायाला मुंग्या येणार नाहीत.

सीटच्या पाठीसाठी सोपी कसोटी आहे. खांदे सीटला टेकलेले ठेवून हात समोर लांब करा. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आरामात टेकलं पाहिजे. त्यासाठी खांदे उचलावे लागले तर पाठ जास्त मागे आहे. नेहमीसारखं धरल्यावर, म्हणजे घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी हात ठेवल्यावर, कोपर वाकलेलं असावं. स्टिअरिंग वर-खाली आणि मागे-पुढे होत असेल तर त्याचा मधला भाग छातीकडे तोंड करून ठेवा, चेहऱ्याकडे नाही. एअरबॅग तिथूनच बाहेर येते.

शेवटी खिट्टी सोडल्यावर सीट जागच्या जागी हलवून पाहा. ‘खट्’ आवाज आला म्हणजे अडकली असं नाही. रुळाच्या दोन्ही बाजू अडकल्या आहेत याची खात्री अंगाने झटका देऊनच होते. सीटखाली बाटली, छत्री, खेळणं असं काही ठेवू नका. एक तर ते रुळात अडकतं, नाहीतर गडगडत ब्रेकच्या पेडलखाली जातं.

हेडरेस्ट डोकं टेकायला नसतो

नावानेच घोटाळा केला आहे. ‘रेस्ट’ म्हटलं की विश्रांती वाटते. प्रत्यक्षात त्याचं काम डोकं अडवण्याचं आहे.

सिग्नलला उभ्या असलेल्या तुमच्या गाडीला मागून कोणी ठोकलं असं समजा. सीट तुमच्या धडाला पुढे ढकलते. पण साडेचार-पाच किलोचं डोकं आपल्या जागीच राहू पाहतं. धड पुढे निघालं, डोकं मागे राहिलं आणि मधे मान. ती आधी वळलेल्या चाबकासारखी वाकडी होते आणि मग डोकं झटक्याने मागे फेकलं जातं. स्नायूंना आवळायला वेळच मिळत नाही. धक्का बसला हे कळेपर्यंत मानेचं नुकसान होऊन गेलेलं असतं. अशा दुखण्यात एक्स-रे बरेचदा साफ येतो, तरी मान, खांदे आणि डोकं महिनोन्‌महिने ठणकत राहतात. त्यासाठी मोठा वेगही लागत नाही.

म्हणून हेडरेस्टची वरची कड तुमच्या टाळूच्या पातळीला हवी. उंच माणसासाठी तो तेवढा वर येत नसेल तर शेवटच्या खाचेपर्यंत उचला. कमीत कमी कानांच्या वरपर्यंत तो आलाच पाहिजे. मानेच्या पातळीला असलेला हेडरेस्ट मदत तर करत नाहीच, उलट डोकं त्याच्यावरून मागे मोडतं. दुसरं माप अंतराचं. डोक्याचा मागचा भाग आणि हेडरेस्ट यांत दोन-तीन बोटं ठीक, चार बोटांपेक्षा जास्त नको. आणि इथे सीटची पाठ पुन्हा आडवी येते. पाठ मागे कलली की माणूस समोर पाहण्यासाठी मान पुढे काढतो आणि हे अंतर आपोआप वाढतं. तेव्हा अंतर जास्त वाटलं तर आधी पाठ सरळ करा.

दोन दांड्यांपैकी एकीच्या बुडाशी बटण असतं. वर उचलताना अनेक गाड्यांत ते दाबावं लागत नाही, खाली करताना लागतं. खाचेत बसल्यावर हाताने खाली दाबून पाहा. डोक्याला टोचतो म्हणून काहीजण तो काढून उलटा बसवतात. त्याने अंतर वाढतं आणि संरक्षण जातं. तसं करू नका.

‘बुडणाऱ्या गाडीची काच फोडण्यासाठी हेडरेस्ट काढता येतो’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो काढता येतो कारण सीट दुमडायची असते, लहान मुलांची सीट बसवायची असते. काच फोडणं हा त्याचा हेतू नाही, आणि घाबरलेल्या अवस्थेत, पाण्याखाली, दोन्ही हातांनी बटण दाबून तो उपसणं सोपंही नाही. शिवाय काही गाड्यांच्या बाजूच्या काचा दोन थरांच्या, मधे चिकट पडदा असलेल्या असतात. त्या हातोडीनेही सहसा फुटत नाहीत. साध्या काचांसाठी, पट्टा कापायचं पातं असलेली छोटी हातोडी हाताशी घट्ट अडकवून ठेवणं जास्त शहाणपणाचं आहे.

पट्टा पोटावर नको, हाडांवर हवा

आज सगळीकडे दिसणारा तीन ठिकाणी बांधलेला पट्टा निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने व्होल्वो कंपनीसाठी तयार केला आणि 1959 साली तो गाड्यांमध्ये आला. त्याआधी बोलिन विमानाच्या कंपनीत वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटवर काम करत होते. कंपनीने हा शोध इतर उत्पादकांना मोकळा वापरू दिला. त्यातली कल्पना साधी आहे: माणसाला पकडायचं तर त्याच्या सर्वांत मजबूत हाडांना पकडायचं. म्हणजे खाली कमरेची हाडं, वर छातीचा पिंजरा आणि गळ्याखालचं आडवं हाड, ज्याला हसळी म्हणतात.

म्हणून खालचा आडवा पट्टा मांड्यांना स्पर्श करत, कमरेच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या टोकदार हाडांच्या खालून गेला पाहिजे. पोट सुटलेलं असेल तर ते हाताने उचलून पट्टा त्याच्या खाली सरकवा. यात संकोच करण्यासारखं काही नाही. पोटात हाड नसतं. तिथे पट्टा रुतला तर त्याच्यामागे यकृत, प्लीहा, आतडी आणि शेवटी कणा एवढंच आहे.

तिरपा पट्टा हसळीच्या मध्यावरून, छातीच्या मधल्या हाडावरून दुसऱ्या बाजूच्या कमरेकडे. गळ्याला काचत असेल तर काखेखालून घेऊ नका. तिथे तो खालच्या नाजूक बरगड्यांवर येतो आणि मोडलेली बरगडी आत शिरते. पाठीमागे टाकला तर वरचं अख्खं शरीर मोकळं. त्याऐवजी दाराजवळच्या खांबावर पट्ट्याची कडी वर-खाली करायची सोय आहे का ते पाहा. पुढच्या सीटला अनेक गाड्यांत ती असते आणि वर्षानुवर्षं कोणी हात लावलेला नसतो. कडी खाली केली की पट्टा गळ्यापासून खांद्याकडे सरकतो. सीट किंचित मागे किंवा वर घेऊनही फरक पडतो.

बकल लागल्यावर एक कृती राहते आणि बहुतेक सगळे तीच विसरतात. तिरपा पट्टा बकलजवळ धरून वर ओढा, म्हणजे मांडीवरची ढिलाई निघून वर जाते. ती खांबातलं वेटोळं आत ओढून घेतं. जाड जाकीट घातलं असेल तर त्याची चेन उघडून पट्टा आतून घ्या, कारण त्या गुबगुबीतपणात भरपूर ढिलाई लपते. पीळ पडलेला पट्टाही सरळ करा. त्याची रुंदी साधारण पावणेपाच सेंटीमीटर ठेवली आहे ती जोर पसरावा म्हणून. पीळ पडला की ती दोरी होते.

थोडी सीट मागे करून झोपलं तर?

लांबच्या प्रवासात शेजारचा प्रवासी सीट मागे पाडून झोपतो, पट्टा लावून. त्याला वाटतं आपण नियम पाळला आहे. पण आता तिरपा पट्टा छातीवर नाही, हवेत आहे. आणि कंबर सीटच्या पुढच्या कडेकडे घसरलेली आहे. धडक बसली की उतारावरून सरकावं तसं शरीर पुढे जातं, आणि कमरेचा पट्टा हाडांवरून निसटून पोटात शिरतो. वरचा पट्टा थेट गळ्यावर येतो. पट्टा लावूनही पोटातल्या अवयवांना जीवघेणी इजा होण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. निम्मं-अर्धं कललेलंही पुरे होतं.

झोपायचंच असेल तर पाठ सरळ ठेवून, हेडरेस्ट नीट लावून झोपा. अंग ताणायचं असेल तर गाडी थांबवा. पाय डॅशबोर्डवर टाकणं याहून वाईट, कारण एअरबॅग फुगली की गुडघे तोंडावर आणि मांड्या खुब्यातून मागे जातात.

एअरबॅग आहे की, मग पट्टा कशाला?

एअरबॅग ही पट्ट्याला जोड म्हणून आहे, त्याच्या बदल्यात नाही. ती उशीसारखी हळू येत नाही. स्फोटकाने तयार झालेल्या वायूने पापणी लवायच्या आत फुगते आणि तुम्ही पोचेपर्यंत तिचं फुगणं संपलेलं असावं, मग तिने हवा सोडत तुम्हाला अलगद घ्यावं, असा हिशेब असतो. पट्टा नसलेला माणूस ब्रेक लागतानाच पुढे झुकलेला असतो आणि फुगत्या पिशवीच्या तोंडाशी सापडतो.

म्हणूनच छातीची मधली रेषा आणि स्टिअरिंगचा मध्य यांत निदान 25 सेंटीमीटर अंतर ठेवा. पसरलेल्या पंजाची एक वीत आणि वर दोन-तीन बोटं, एवढं माप पुरतं. उंची कमी असलेल्यांना पेडलसाठी पुढे सरकावं लागतं. त्यांनी सीट उंच करावी, पाठ जराशी मागे घ्यावी, स्टिअरिंग खाली आणि पुढे ढकलावं. बहुतेकांचं काम यात भागतं.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. बाजूची एअरबॅग बऱ्याच गाड्यांत सीटच्या पाठीच्या कडेतूनच बाहेर येते. त्यावर जाड, सलग शिवलेलं सीट कव्हर चढवलं तर ती अडकते किंवा उशिरा बाहेर पडते. तिथे फाटण्यासाठी खास शिवण सोडलेलं कव्हरच घ्या.

हळू चालवतो, हातांनी सावरेन

ताशी 30 किलोमीटरची धडक म्हणजे साडेतीन मीटरवरून पडणं. घराच्या पहिल्या मजल्यावरून कोणी हातांवर उडी घेतो का? आधीच्या उदाहरणातल्या ताशी 50 किलोमीटरच्या धडकेत तर पट्टा लावलेल्या 70 किलोच्या माणसावर सुद्धा टनाहून जास्त भार येतो. मांडीवर घेतलेलं 10 किलोचं बाळ त्या क्षणी 160 किलोचं झालेलं असतं. कितीही प्रेम असलं तरी ते हातात राहत नाही.

पट्ट्यामुळे आगीत किंवा पाण्यात अडकलो तर?

ही भीती प्रामाणिक आहे. पण आग आणि बुडणं हे अपघातांतले फार थोडे प्रकार आहेत, आणि त्यांतही बाहेर पडायचं तर आधी शुद्धीवर असायला हवं, हातपाय धड असायला हवेत. ते पट्टाच जपतो. गाडी पाण्यात गेली तर आधी पट्टा सोडायचा, लगेच काच खाली करायची, मुलांना आधी बाहेर काढायचं. दार उघडायची वाट पाहायची नाही, बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते उघडत नाही. न पाहता एका हाताने बकल सोडायची सवय घरातल्या प्रत्येकाला असू द्या.

मागे बसलेल्यांनी कशाला लावायचा?

मागचा माणूसही त्याच वेगाने चाललेला असतो. त्याच्यापुढे पुढच्या सीटची पाठ आहे आणि त्या पाठीला टेकून दुसरा माणूस बसला आहे. पुढच्याने पट्टा लावला असला तरी मागून आलेला भार त्याला सीटची पाठ आणि पट्टा-स्टिअरिंग यांच्यात चेपतो. मागचे हेडरेस्टही, विशेषतः मधला, आरशात आडवा येतो म्हणून दाबलेला असतो. तिथे कोणी बसलं की तो वर घ्या.

गरोदर बाईने पट्टा लावायलाच हवा, फक्त आडवा भाग पोटाच्या पूर्ण खाली, मांड्यांच्या सांध्यावर आणि तिरपा भाग दोन स्तनांमधून, पोटाच्या कडेने. पोटावरून कोणताच भाग जाऊ नये. मुलांना मोठ्यांचा पट्टा साधारण 145 ते 150 सेंटीमीटर उंचीपर्यंत बसत नाही. तोवर वयाला आणि वजनाला साजेशी मुलांची सीट किंवा बसण्याची उंची वाढवणारी बैठक (बूस्टर) हवी. मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नका. बाळाचं डोकं नेमकं त्या पिशवीच्या जवळ येतं.

पट्टा स्वतः धड आहे का?

पट्ट्याच्या वेटोळ्यात कुलूप असतं. ते दोन कारणांनी लागतं: गाडी झपकन मंदावली किंवा कलली तर, आणि पट्टा झटक्याने ओढला तर. उतारावर उभ्या गाडीत पट्टा बाहेर येत नाही तो यामुळेच. थोडा आत जाऊ द्या आणि सावकाश ओढा. तपासायला हाच गुण वापरा: उभ्या गाडीत हिसका द्या, अडकला पाहिजे. अडकला नाही तर गाडी दुरुस्तीला न्या.

पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढून दोन्ही कडा पाहा. धागे सुटलेले, चीर, जळाल्यासारखा चकाकणारा भाग किंवा लाटांसारखी सुरकुती दिसली तर बदला. दारात सापडून कडा कुरतडल्या जातात, हे फार घडतं. आत जायला रखडत असेल तर खांबावरच्या कडीत मळ साठलेला असतो. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून कापडाने पुसा आणि पट्टा बाहेर ठेवूनच वाळवा. ब्लीच किंवा रंग लावू नका, धागे कमजोर होतात.

अनेक गाड्यांत धडकेच्या क्षणी बारुदाच्या छोट्या नळीने पट्टा आवळणारं यंत्र असतं. ते एकदाच चालतं. त्यामुळे जोराच्या धडकेनंतर पट्टा, बकल आणि ते यंत्र सगळं बदलावं लागतं, वरून कितीही ठीक दिसलं तरी. जुनी गाडी घेताना इंजिनाबरोबर हेही पाहा. आणि बीप बंद करायला बकलमध्ये घालायची ती सुटी जीभ कोणी लावलेली दिसली तर काढून टाका. बऱ्याच गाड्यांत पट्टा लागला आहे की नाही हे पाहून एअरबॅग केव्हा आणि किती फुगवायची ते ठरतं, आणि त्या जिभेमुळे गाडीला खोटं कळतं.